कॉक्लिअर इम्प्लांट योग्य जागी बसलंय का? एक्स-रे आणि सीटी स्कॅन ते कसं सांगतात

ब्लूटूथ इअरबड्स फोनला जोडले की स्क्रीनवर 'कनेक्टेड' असं येतं. पण तो इअरबड कानात नीट बसलाय, उलटा बसलाय की खिशातच राहिलाय, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. कनेक्शन असणं आणि जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत हाच फरक फार मोठा होतो, कारण तिथे 'इअरबड' कवटीच्या हाडाच्या आत असतो आणि तो काढून पुन्हा लावायचा तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

म्हणून आज मी इम्प्लांटच्या फीचर्सबद्दल लिहीत नाहीये. ऑपरेशननंतर ती वायर नक्की कुठे गेली आहे हे डॉक्टर कसं बघतात, त्यासाठी कोणता फोटो काढतात आणि त्या फोटोत काय दिसतं, काय दिसत नाही, हे सांगतोय.

आधी थोडक्यात, हे यंत्र आहे काय?

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. कॉक्लिअर इम्प्लांट आवाज मोठा करत नाही, ते कानाचा बिघडलेला भाग ओलांडून थेट ऐकण्याच्या नसेला विजेचे बारीक ठोके देतं. त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा प्रोसेसर कानामागे अडकवलेला असतो. त्यात माईक, चिप आणि बॅटरी असते, आणि हल्ली बऱ्याच मॉडेल्सना फोनवरून कॉल किंवा गाणी थेट स्ट्रीम करता येतात. आतला भाग त्वचेखाली असतो. एक कॉइल, मध्ये एक चुंबक, एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि तिथून निघालेली केसासारखी बारीक, लवचिक वायर. या वायरच्या टोकाकडच्या भागावर इलेक्ट्रोड्स म्हणजे धातूचे संपर्कबिंदू ओळीने बसवलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या कॉक्लिअर कंपनीच्या इम्प्लांटमध्ये ते २२ असतात, अमेरिकेच्या ॲडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये १६ आणि ऑस्ट्रियाच्या मेड-एलमध्ये १२ जागांवर.

ही वायर जिथे जाते तो अवयव म्हणजे कॉक्लिया. आकाराने वाटाण्याएवढा, गोगलगायीच्या शंखासारखा, अडीच-पावणेतीन वळणांचा. उलगडून सरळ केला तर लांबी साधारण ३५ मिलीमीटर भरेल. आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन नळ्या एकमेकींना चिकटून वर चढत जातात. मजा अशी की या शंखात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आहे. हार्मोनियमच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्यात असं समजा. तोंडाशी सगळ्यात उंच, बारीक आवाज, आणि आत शेवटच्या वळणाशी खर्जातले, जाड आवाज. त्यामुळे वायरचा कोणता बिंदू कोणत्या वळणावर टेकलाय यावर माणसाला कोणता स्वर ऐकू येईल हे ठरतं.

मल्टिचॅनल इम्प्लांटवर काम करणारे मेलबर्नचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. वायर या वळणांतून आत सरकवायची कशी, हे त्यांना सुटत नव्हतं. १९७७ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मिनामुरा बीचवर सुट्टीत असताना त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताचं पातं घालून पाहिलं. टोकाला मऊ आणि मागे ताठ असलेलं पातं वळणावळणाने सहज आत गेलं. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, त्यांनी मेलबर्नमध्ये पहिलं ऑपरेशन केलं. आजच्या वायरींच्या डिझाइनमध्येही 'पुढे मऊ, मागे ताठ' हे तत्त्व दिसतं.

सर्जनला शेवटचा भाग दिसतच नाही

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. सर्जन मायक्रोस्कोपखाली कॉक्लियाच्या तोंडापर्यंत पोचतो, तिथलं पातळ पडदा असलेलं छोटंसं दार उघडतो आणि वायर हळूहळू आत सरकवतो. पण पहिलं वळण लागलं की टोक हाडाआड जातं. पुढचा प्रवास हाताला लागणाऱ्या अडथळ्यावरून ओळखायचा. अनुभवी हाताला खूप काही कळतं, तरी दिसत नाही ते नाहीच.

आणि आत काय काय होऊ शकतं? वायरचं टोक वळणावर अडकून स्वतःवरच दुमडू शकतं, चार्जिंग केबल बॅगेत कोंबताना दुमडते तसं. याला इंग्रजीत टिप फोल्ड-ओव्हर म्हणतात, आणि मुळातच वळवलेल्या आकारात बनवलेल्या वायरींमध्ये हे जास्त आढळतं. दुसरं म्हणजे वायर खालच्या नळीतून जायला हवी, पण मधला नाजूक पडदा फाडून ती वरच्या नळीत शिरते. अशाने थोडंफार शिल्लक असलेलं नैसर्गिक ऐकणं जाऊ शकतं आणि इम्प्लांटने शब्द कळण्याचं प्रमाणही सरासरीने कमी राहतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तिसरं, वायर पूर्ण आत न जाता काही बिंदू बाहेरच राहतात. ज्यांच्या कॉक्लियाची रचना जन्मतःच वेगळी असते त्यांच्यात वायर भलत्याच जागी, अगदी नसेच्या बोगद्यातही जाऊ शकते. शिवाय सुरुवातीला नीट बसलेली वायर काही काळाने थोडी बाहेर सरकते, असंही क्वचित होतं.

यातलं बरंचसं दुर्मिळ आहे. घाबरवायला सांगत नाहीये. पण दुर्मिळ गोष्ट ज्याच्या बाबतीत घडते त्याला सरासरीचा काही उपयोग नसतो.

मग टेलिमेट्री कशासाठी असते?

ऑपरेशन टेबलवरच इम्प्लांटची एक सेल्फ-टेस्ट घेतात. प्रत्येक बिंदूतून बारीकसा करंट सोडून रोध, म्हणजे इम्पीडन्स, मोजतात. बिंदू तुटलाय का, शॉर्ट झालाय का हे त्यातून कळतं. दुसरी टेस्ट नसेकडून प्रतिसाद येतो का ते बघते. कंपनीनुसार तिला एनआरटी, एआरटी किंवा एनआरआय म्हणतात. दोन्ही टेस्ट उत्तम आहेत आणि हव्यातच.

पण विचार करा, दुमडलेल्या वायरचे सगळे बिंदूही द्रवातच बुडालेले आहेत. करंट वाहतोय, रोध नॉर्मल, जवळ नस आहे म्हणून प्रतिसादही आला. स्क्रीनवर सगळं हिरवं. म्हणजे पुन्हा तेच, 'कनेक्टेड'. एका बिंदूवर करंट सोडून बाकी सगळ्या बिंदूंवर किती व्होल्टेज पोचलं याचा तक्ता मांडणाऱ्या नव्या टेस्ट आहेत, त्यातून दुमड असल्याचा संशय येऊ शकतो. सगळीकडे त्या केल्या जातातच असं मात्र नाही.

प्रौढ माणूस निदान सांगतो तरी, 'आवाज विचित्र येतोय, दोन वेगळे स्वर सारखेच वाटतायत'. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाकडे तुलना करायला काहीच नसतं. त्याला जे मिळतं तेच त्याच्यासाठी ऐकणं. मग महिनोन्‌महिने थेरपी चालते, प्रगती हळू होते, घरचे म्हणतात मूल लक्ष देत नाही, आणि भाषा शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं निघून जातात. एका साध्या एक्स-रेची किंमत इथे कळते.

साधा एक्स-रे, पण कोन बरोबर हवा

सगळ्यात स्वस्त, झटपट आणि कमी रेडिएशनचा उपाय अजूनही एक्स-रेच आहे. मात्र समोरून किंवा बाजूने काढलेला नेहमीचा कवटीचा एक्स-रे फारसा कामाचा नसतो, कारण कॉक्लिया तिरकी बसलेली असते आणि वायरचं वेटोळं नीट उलगडून दिसत नाही. त्यासाठी डोकं तिरपं वळवून, कॉक्लिया फिल्मकडे तोंड करून येईल असा कोन साधतात. जुन्या पुस्तकात याला स्टेनव्हर्स व्ह्यू म्हणतात. इम्प्लांटसाठी त्यात थोडा बदल करून मेलबर्नच्या टीमने 'कॉक्लिअर व्ह्यू' ठरवला.

कोन बरोबर असेल तर चित्र सुंदर दिसतं. एक मोठी रिंग म्हणजे कॉइल, तिच्या मध्ये चुंबकाची पांढरी टिकली, बाजूला सर्किटची डबी, तिथून निघालेली रेघ आणि शेवटी जिलेबीसारखं वेटोळं, ज्यावर ठिपके मोजता येतात. डॉक्टर बघतात ते असं: वेटोळं गुळगुळीत आहे का, ठिपक्यांमधलं अंतर एकसारखं आहे का, सगळ्यात आतल्या टोकाशी ठिपके माघारी फिरून आधीच्या ठिपक्यांवर चढलेत का, आणि किती ठिपके वळणाच्या बाहेर राहिलेत. नंबर देण्याची पद्धतही कंपनीप्रमाणे बदलते. कॉक्लिअर कंपनीत सगळ्यात आतला बिंदू २२ नंबरचा, तर मेड-एल आणि ॲडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये आतला तो १ नंबर.

माझ्या मामेबहिणीच्या मुलीला इम्प्लांट बसवलं तेव्हा तिने फॅमिली ग्रुपवर एक्स-रेचा फोटो टाकला होता. ट्यूबलाइटसमोर धरलेली फिल्म, त्यावर खिडकीची चमक, आणि खाली, "दादा, तू बघ ना, हे वेटोळं बरोबर आहे का?" सतराशे साठ नमस्काराचे इमोजी आले, पण त्या फोटोत ठिपके मोजणं कुणालाच शक्य नव्हतं. मी तिला म्हटलं, फोटो राहू दे, रिपोर्ट आणि ओरिजिनल फाइल माग. ती तिला मिळाली आणि ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कॉम्प्युटरवर मोठी करून एकेक ठिपका तिला दाखवला. सगळे २२ आत होते.

हा एक्स-रे ऑपरेशन थिएटरमध्येच काढला तर सगळ्यात फायद्याचं. दुमड दिसली तर तिथल्या तिथे वायर काढून पुन्हा घालता येते. दुसऱ्या दिवशी कळलं तर पर्याय कमी होतात. दुमडलेले बिंदू प्रोग्रॅममधून बंद करायचे, किंवा पुन्हा ऑपरेशन. काही ठिकाणी सी-आर्म नावाचं चालत्या चित्राचं एक्स-रे मशीन वापरून वायर आत जातानाच बघतात. अवघड रचनेच्या कानात त्याचा खरा उपयोग होतो.

सीटी स्कॅन, आणि न दिसणारी भिंत

एक्स-रे सपाट असतो. वायर खालच्या नळीत आहे की वरच्या, हे त्यात कळत नाही. त्यासाठी तिन्ही दिशांनी बघायला सीटी स्कॅन लागतो. पण इथे दोन अडचणी आहेत.

पहिली, धातू. इम्प्लांटचे बिंदू प्लॅटिनमचे असतात आणि सीटीमध्ये धातूभोवती पांढरी चमक पसरते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा फोटो फोनने काढला की दिवा खऱ्या आकारापेक्षा मोठा दिसतो, तसंच काहीसं. कोन बीम सीटी नावाच्या मशीनमध्ये हा त्रास सहसा कमी असतो आणि रेडिएशनही बऱ्याचदा कमी लागतं. हेच मशीन दाताचे डॉक्टर वापरतात, जबड्याचा थ्रीडी फोटो काढायला. स्कॅन होईपर्यंत डोकं अजिबात हलवायचं नाही ही मात्र अट, आणि लहान मुलांच्या बाबतीत तीच कठीण असते.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. दोन नळ्यांमधला तो पडदा इतका पातळ आहे की हॉस्पिटलच्या कोणत्याही सीटीत तो दिसतच नाही. म्हणजे वायर भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारायचं, आणि भिंतच अदृश्य! यावर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या टीमने छान मार्ग काढला. त्यांनी दान केलेल्या कानांच्या हाडांचे मायक्रो-सीटी काढले, ज्यात आतली बारीक रचना दिसते. हे मशीन जिवंत माणसावर वापरता येत नाही. त्या चित्रांवरून कॉक्लियाचं एक बदलता येणारं थ्रीडी मॉडेल बनवलं. मग पेशंटच्या साध्या सीटीत दिसणाऱ्या बाहेरच्या आकारावर ते मॉडेल ताणून बसवायचं, की आतली भिंत कुठे असेल याचा चांगला अंदाज येतो. फोनचा फेस फिल्टर तुमच्या चेहऱ्यावर जाळी बसवतो, त्याच जातीची कल्पना, फक्त इथे अचूकता मिलीमीटरच्या अंशांत हवी.

याच टीमने पुढे जाऊन दाखवलं की कोणता बिंदू कोणत्या नसांच्या किती जवळ आहे हे चित्रावरून कळलं तर एकमेकांच्या कामात लुडबुड करणारे बिंदू बंद करता येतात, आणि अनेकांना त्यामुळे जास्त स्पष्ट ऐकू येतं. कमी बिंदू ठेवून जास्त स्पष्ट, हे उलटं वाटतं खरं. पण एकाच खोलीत चार स्पीकर वेगवेगळी गाणी लावत असतील तर दोन बंद केलेलेच बरे.

स्वर सरकतो तो कसा

सीटीवरून आणखी एक गोष्ट मोजतात: वायर किती अंश आत गेली. एक पूर्ण वळण म्हणजे ३६० अंश. पूर्ण कॉक्लिया ९०० अंशांच्या आसपास. आता समजा वायरचं टोक साधारण ३६० अंशांवर थांबलं. त्या जागेचा नैसर्गिक स्वर साधारण १००० हर्ट्झच्या आसपासचा असतो. पण प्रोसेसरला खर्जातले आवाजही द्यायचेच असतात, म्हणून तो आतल्या शेवटच्या बिंदूला खूप खालचे स्वर वाटून देतो. कॉक्लिअर कंपनीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ही सुरुवात १८८ हर्ट्झपासून होते. म्हणजे २०० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या पट्टीवर वाजतो. बाबांचा जाड आवाज कार्टूनसारखा का वाटतो, याचं एक कारण इथे आहे.

मेंदू बऱ्याच अंशी जुळवून घेतो, आणि काही महिन्यांत अनेकांना आवाज नॉर्मल वाटू लागतात. ज्यांचा दुसरा कान चांगला आहे त्यांना मात्र दोन कानांतला फरक सारखा जाणवत राहतो. म्हणून आता ओटोप्लॅनसारखं सॉफ्टवेअर वापरून सीटीवर प्रत्येक बिंदूची जागा मोजतात आणि स्वरांची वाटणी त्या जागेप्रमाणे करतात. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत यातच सगळ्यात जास्त प्रगती दिसेल, कारण त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, आहे तोच स्कॅन नीट वाचायचा आहे.

मग प्रत्येकाने सीटी काढूनच घ्यावा का? नाही. लहान मुलांना गरजेपेक्षा जास्त रेडिएशन द्यायचं नाही हा नियम पक्का आहे. ऑपरेशननंतर बरोबर कोनातला एक्स-रे, आणि त्यात शंका आली, कॉक्लियाची रचना वेगळी असली किंवा ऐकण्याची प्रगती अपेक्षेपेक्षा फार मागे असली तर सीटी. हा क्रम शहाणपणाचा आहे आणि निर्णय डॉक्टरांचाच. तुम्ही विचारायचं ते एवढंच: वायरची जागा बघणारा फोटो काढला का, रिपोर्टमध्ये किती बिंदू आत आहेत ते लिहिलंय का, आणि फाइल आम्हाला मिळेल का.

फाइल कशी जपायची

अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबई ही केंद्राच्या ॲडिप योजनेतून मुलांना मिळणाऱ्या इम्प्लांटचं काम बघते, आणि तिथून किंवा खासगीत इम्प्लांट मिळालेली अनेक मुलं गावाकडची असतात. ऑपरेशन एका शहरात, थेरपी दुसरीकडे, पुढे कॉलेज तिसरीकडे. जुना स्कॅन हवा असतो तेव्हा तो कपाटात फिल्मवर चिकटून गेलेला असतो. घरात फोनवाले तुम्हीच असता, तर हे काम तुमचं.

फिल्मचा फोटो पुरेसा नाही. मेडिकल फोटोची मूळ फाइल डायकॉम फॉरमॅटमध्ये असते. ती सीडीवर किंवा लिंकने मागून घ्या. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर पेनड्राइव्हवर देता का विचारा. ती उघडायला कॉम्प्युटरवर रेडियंट किंवा थ्रीडी स्लायसर आहे, फोनवर इमाइओसचा डायकॉम व्ह्यूअर चालतो. व्हॉट्सॲपने पाठवायची तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, नाहीतर ॲप ती दाबून लहान करतं आणि नेमके ठिपकेच पुसट होतात. एक स्पष्ट सांगतो, एक्स-रेचा फोटो एखाद्या एआय चॅटबॉटला टाकून 'वायर बरोबर आहे का' असं विचारू नका. तो आत्मविश्वासाने उत्तर देईल, आणि त्या उत्तरावर विसंबता येणार नाही. फाइलवर पेशंटचं नाव आणि जन्मतारीखही असते, म्हणून ती ग्रुपवर टाकू नका.

त्याच फोल्डरमध्ये इम्प्लांट कार्डाचा स्कॅन ठेवा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. हे कार्ड सगळ्यात जास्त लागतं ते एमआरआयच्या वेळी. इम्प्लांटमध्ये चुंबक आहे आणि एमआरआय हे स्वतः एक प्रचंड चुंबक. नव्या काही मॉडेल्समध्ये आतलं चुंबक फिरून स्वतःची दिशा जुळवतं, त्यामुळे ३ टेस्लाच्या मशीनमध्येही ते काढावं लागत नाही. जुन्या मॉडेल्सना डोक्याला घट्ट पट्टी बांधावी लागते, किंवा छोट्या ऑपरेशनने चुंबक काढावं लागतं. बाहेरचा प्रोसेसर तर नेहमीच खोलीबाहेर ठेवायचा. कार्ड हरवलं असेल तर पुन्हा एक्स-रेच मदतीला येतो. काही जुन्या इम्प्लांटवर एक्स-रेत दिसतील अशी अक्षरं कोरलेली असतात आणि सर्किटच्या आकारावरूनही मॉडेल ओळखता येतं. एमआरआयनंतर इम्प्लांटच्या जागी दुखलं, सूज आली किंवा बाहेरची कॉइल चिकटेनाशी झाली तर आतलं चुंबक हललं असू शकतं. तेव्हा काढलेल्या एक्स-रेत चुंबकाची टिकली तिरकी दिसते, आणि ती खरंच तिरकी आहे की आधीपासून तशीच होती, हे ठरवायला ऑपरेशननंतरचा तो पहिला एक्स-रे शेजारी लावावा लागतो.